स्थिर समस्थानिकांचे विश्लेषण आणि परिसंस्थांचा अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वन्यजीव, मासे, पाणी, माती किंवा पुराहवामान यांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि क्षेत्रीय अभ्यासकांना ही पद्धत वापरावीशी वाटते, पण तिच्याविषयीचे लेखन बहुतेक वेळा रसायनशास्त्राच्या परिभाषेत अडकलेले असते. म्हणून प्रत्यक्ष कामात उपस्थित होणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे मराठीत दिली आहेत.

समस्थानिक म्हणजे काय आणि त्यांतले ‘स्थिर’ कोणते?

एकाच मूलद्रव्याच्या सर्व अणूंत प्रोटॉनची संख्या सारखी असते, परंतु न्यूट्रॉनची संख्या कमीअधिक असू शकते. अशा अणूंना आवर्तसारणीत एकच स्थान मिळते, म्हणून ते समस्थानिक. १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी रूढ केलेल्या मूळ संज्ञेचा अर्थही हाच आहे, आणि मराठी शब्द तो अर्थ इतका नेमका पोचवतो की वेगळी व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही. निसर्गातील कार्बनपैकी सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ आणि सुमारे १.१ टक्का कार्बन-१३ असतो. हे दोन्ही अणू कालांतराने क्षय पावत नाहीत, म्हणून ते स्थिर होत. कार्बन-१४ मात्र किरणोत्सारी आहे आणि त्याचा उपयोग वय ठरवण्यासाठी होतो. परिसंस्थांच्या अभ्यासात प्रामुख्याने कार्बन, नायट्रोजन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि गंधक या पाच मूलद्रव्यांचे स्थिर समस्थानिक मोजले जातात.

हे नमुने हाताळताना किरणोत्साराचा धोका असतो का?

नाही. हे समस्थानिक आपल्या शरीरात, अन्नात आणि पिण्याच्या पाण्यात आधीपासूनच आहेत. नमुन्याची पूर्वतयारी करताना वापरल्या जाणाऱ्या आम्लांची आणि क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकांची काळजी मात्र घ्यावीच लागते.

दोन समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे असतील, तर त्यांच्या प्रमाणात फरक पडतोच कसा?

गुणधर्म जवळजवळ सारखे असतात, अगदी सारखे नसतात. जड अणूचा बंध किंचित अधिक घट्ट असतो आणि जड रेणू किंचित सावकाश हालतो. त्यामुळे बाष्पीभवन, प्रकाशसंश्लेषण, पचन किंवा जिवाणूंची प्रक्रिया अशा प्रत्येक टप्प्यावर हलके अणू थोडे पुढे जातात आणि जड अणू थोडे मागे राहतात. या निवडीला प्रभाजन म्हणतात. तळ्यातून वाफ उडते तेव्हा वाफेत हलके पाणी अधिक जाते आणि तळ्यात उरलेले पाणी जड होत जाते. प्रभाजनाच्या या खुणा पदार्थात साठून राहतात आणि त्या वाचणे हेच या पद्धतीचे काम आहे.

डेल्टा मूल्य म्हणजे काय? ते उणे का असते?

कार्बन-१३ चे प्रमाण भाताच्या पानात सुमारे १.०८ टक्के, तर ज्वारीच्या पानात सुमारे १.१० टक्के असते. इतका बारीक फरक टक्केवारीत सांगणे गैरसोयीचे असल्यामुळे नमुन्यातील जड व हलक्या अणूंचे गुणोत्तर एका आंतरराष्ट्रीय मानकाशी ताडून पाहतात आणि दोहोंतील फरक दर हजारी, म्हणजे ‘पर मिल’ या एककात लिहितात. उणे २७ पर मिल याचा अर्थ नमुन्यातील गुणोत्तर मानकापेक्षा हजारी २७ ने, म्हणजेच २.७ टक्क्यांनी कमी आहे. नमुन्यात काही ‘उणे’ पदार्थ आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही, तरीही हा गैरसमज दरवर्षी नव्याने भेटतो.

कार्बनचे मूळ मानक म्हणजे अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याच्या पी डी शैलसमूहात सापडलेल्या बेलेम्नाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्म. त्यात कार्बन-१३ तुलनेने बरेच असल्याने बहुतेक सजीवांची मूल्ये त्याच्या मानाने उणे येतात. नायट्रोजनसाठी हवेतील नायट्रोजन आणि पाण्यासाठी सागरी पाण्यावर आधारित मानक वापरतात.

वनस्पतींचे सी-३ आणि सी-४ हे गट इतके महत्त्वाचे का मानले जातात?

कारण येथे निसर्गाने स्वतःच दोन ठळक खुणा उमटवून ठेवल्या आहेत. भात, गहू, तूर, हरभरा, कापूस, आंबा, साग आणि जवळजवळ सर्व वृक्ष सी-३ मार्गाने प्रकाशसंश्लेषण करतात. त्या प्रक्रियेतील मुख्य विकर जड कार्बन बऱ्याच प्रमाणात नाकारते, म्हणून या वनस्पतींचे मूल्य साधारणतः उणे २७ च्या आसपास असते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, नाचणी आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते सी-४ मार्गाची असून त्यांचे मूल्य उणे १२ ते १३ च्या जवळ राहते. दोन्ही गटांची मूल्ये एकमेकांत मिसळत नाहीत. झाडपाला खाणारा प्राणी आणि गवत चरणारा प्राणी यांच्यातील फरक त्यामुळेच हाडात, केसात आणि दातात उतरतो.

एक सावधगिरी आवर्जून सांगावीशी वाटते. बांबू गवताच्या कुळातला असला तरी तो सी-३ आहे, आणि पश्चिम घाटातील शाकाहारी प्राण्यांवर काम करताना ‘गवत म्हणजे सी-४’ असे गृहीत धरल्यास पुढचे सगळे गणित चुकते. निवडुंग, घायपात, अननस यांचा तिसरा मार्ग आहे आणि त्यांची मूल्ये परिस्थितीनुसार दोहोंच्या मध्ये कुठेही पडू शकतात.

प्राण्याने काय खाल्ले हे यावरून खरोखर कळते का?

बऱ्याच अंशी कळते, पण ‘खाल्ले’ आणि ‘अंगी लागले’ यांत फरक आहे आणि ही पद्धत दुसरी गोष्ट सांगते. डीनिरो आणि एपस्टाइन यांनी १९७८ मध्ये कार्बनसाठी आणि १९८१ मध्ये नायट्रोजनसाठी नियंत्रित प्रयोगांतून दाखवले की प्राण्याच्या शरीराचे मूल्य त्याच्या अन्नाच्या मूल्याशी बांधलेले असते. कार्बनमध्ये अन्नसाखळीच्या दर पायरीला साधारण ० ते १ पर मिल इतकीच वाढ होते, म्हणून कार्बन अन्नाचा उगम सांगतो.

या बाबतीत दक्षिण भारतातील हत्तींचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. रामन सुकुमार आणि आर. रमेश यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हत्तींच्या हाडांतील कोलॅजेन या प्रथिनाचा कार्बन तपासला. हे हत्ती ऋतूनुसार कधी प्रामुख्याने गवत, तर कधी प्रामुख्याने झाडपाला खातात. दोन्ही अन्नांच्या प्रत्यक्ष खाल्लेल्या प्रमाणाच्या तुलनेत हाडांत झाडपाल्याचा कार्बन अधिक आढळला. झाडपाल्यातून प्रथिने अधिक मिळत असल्यामुळे असे घडत असावे, असे कारण त्यांनी सुचवले. म्हणजे हत्तीच्या मागे दिवसभर फिरून त्याचे घास मोजणारा निरीक्षक आणि हत्तीचे हाड हे दोघेही खरेच सांगत होते, फक्त दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते.

त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष तितकाच उपयोगी आहे. प्रौढ हत्तींची मूल्ये उणे १६.० ते उणे २०.३ अशा आटोपशीर पट्ट्यात होती, तर वाढत्या वयाच्या हत्तींची उणे १०.५ पासून उणे २२.७ पर्यंत पसरलेली होती. लहान प्राण्याचे कोलॅजेन भराभर बदलत असल्यामुळे त्यात अलीकडच्या ऋतूचा ठसा उमटतो, तर प्रौढाच्या हाडात अनेक वर्षांची सरासरी असते. वय न नोंदवता गोळा केलेली हाडे एकत्र करून सरासरी काढली, तर येणारा आकडा कोणत्याच हत्तीचा नसतो.

अन्नसाखळीतील स्थान कसे काढतात?

नायट्रोजनवरून. प्राणी हलका नायट्रोजन मूत्रावाटे अधिक प्रमाणात बाहेर टाकतो, म्हणून शरीरात जड नायट्रोजन-१५ साचत जातो आणि दर पायरीला सरासरी सुमारे ३.४ पर मिल वाढ होते. समजा, एखाद्या खाडीतील तिसऱ्या या शिंपल्यांचे मूल्य ७ आहे आणि तिथल्याच एका शिकारी माशाचे १३.८ आहे. तिसऱ्या प्लवक गाळून खातात, म्हणजे त्या दुसऱ्या पायरीवर आहेत. दोहोंतील फरक ६.८, त्याला ३.४ ने भागले की २, म्हणून मासा चौथ्या पायरीवर.

या उदाहरणात तिसऱ्या वगळल्या तर काहीच उरत नाही. ज्या खाडीत सांडपाणी येते तिथे अन्नसाखळीचा पायाच वर उचललेला असतो, त्यामुळे दोन खाड्यांतील एकाच जातीच्या माशांची मूल्ये वेगळी आली म्हणून त्यांचा आहार वेगळा ठरत नाही. पायाचे मूल्य प्रत्येक ठिकाणी आणि प्रत्येक हंगामात स्वतंत्रपणे मोजावे लागते. प्लवकांचे मूल्य आठवड्याआठवड्याला बदलते, म्हणून शिंपले आणि गोगलगाई यांसारखे दीर्घायुषी व एका जागी राहणारे प्राणी पायासाठी अधिक विश्वासार्ह ठरतात.

कोणता नमुना कोणत्या काळाविषयी सांगतो?

रक्तद्रव आणि यकृत अलीकडच्या काही दिवसांविषयी, स्नायू काही आठवड्यांपासून महिन्यांविषयी आणि प्रौढाचे हाड अनेक वर्षांविषयी सांगते. केस, नख, पीस आणि मिशी तयार झाल्यावर रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय होतात, त्यामुळे त्यांत वाढीच्या काळाची नोंद जशीच्या तशी गोठून राहते. माणसाचा केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे १२ सेंटिमीटर लांबीच्या केसाचे तुकडे क्रमाने तपासले तर वर्षभराचा आहार महिन्यामहिन्याने उलगडतो. पक्ष्याचे पीस मात्र ते जिथे उगवले तिथलीच गोष्ट सांगते, पक्षी जिथे पकडला तिथली नव्हे.

स्थलांतराचा माग कसा लागतो?

पावसाच्या पाण्यातील ड्यूटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, प्रमाण अक्षांश, उंची आणि समुद्रापासूनचे अंतर यांनुसार बदलते. ढग जसजसा पुढे सरकून बरसत जातो तसतसे जड पाणी आधी गळून पडते आणि पुढच्या पावसाचे मूल्य अधिकाधिक उणे होते. हे पाणी वनस्पतींत आणि तिथून प्राण्यांत जाते. परिणामी पंखावर किंवा पिसावर जन्मस्थळाचा भौगोलिक शिक्का बसतो.

आपल्याकडच्या वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरण चतुराचे आहे. पावसाळा संपता संपता माळरानावर थव्याने उडणारा, पँटाला फ्लॅव्हेसेन्स या शास्त्रीय नावाचा पिवळसर चतुर ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये मोठ्या संख्येने दिसतो, वास्तविक त्या प्रवाळबेटांवर त्याच्या अळ्या वाढाव्यात असे गोडे पाणी जवळजवळ नाही. हे चतुर भारतातून निघून ईशान्य वाऱ्यांच्या साहाय्याने हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत पोचतात, अशी मांडणी चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये केली. इतक्या लहान कीटकाला खूण बांधून समुद्रापलीकडे पुन्हा शोधणे जवळपास अशक्य. म्हणून कीथ हॉब्सन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांच्या पंखांतील ड्यूटेरियम मोजले. अळी ज्या डबक्यात वाढली त्या पाण्याचा ठसा पंखात असतो, आणि तो ठसा भारतीय उपखंडाच्या उत्तर भागाशी जुळला. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पंखाच्या एका तुकड्यावरून महासागरी प्रवासाचा आरंभबिंदू हाती यावा, ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचूनही मला थक्क करते.

तरीही या पद्धतीने गावाचे नाव मिळत नाही, पट्टा मिळतो. दोन दूरच्या प्रदेशांतील पावसाचे मूल्य सारखे असेल तर केवळ हायड्रोजनवरून त्यांच्यात निवड करता येत नाही.

भूजल आणि पाणलोटाच्या कामात याचा उपयोग होतो का?

होतो, आणि महाराष्ट्रात तो अधिक व्हायला हवा. हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवले की जगभरच्या पावसाच्या पाण्यात हायड्रोजनचे मूल्य हे ऑक्सिजनच्या मूल्याच्या ८ पट अधिक १० या सरळ रेषेवर पडते. उघड्यावर साठलेल्या पाण्याचे बाष्पीभवन झाले की ते पाणी या रेषेपासून ढळते आणि कमी उताराच्या रेषेवर सरकते. पाझर तलावाखालच्या विहिरीला पाणी तलावातून येते की थेट पावसातून मुरून, हा वाद गावागावांत असतो. विहिरीच्या पाण्यात बाष्पीभवनाची खूण सापडली तर तलावाचा वाटा असल्याचा तो सबळ पुरावा ठरतो. अट एवढीच की पावसाचे, तलावाचे आणि विहिरीचे नमुने वर्षभर, एकाच वेळापत्रकाने घेतलेले असावेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पर्जन्यजलाच्या समस्थानिकांची जी जागतिक नोंद ठेवत आहेत, तिच्यात मुंबई आणि नवी दिल्ली येथील नोंदीही आहेत. परंतु सह्याद्रीच्या दोन बाजूंचा पाऊस इतका निराळा आहे की स्थानिक मोजणीला पर्याय नाही.

झाडे कोणते पाणी पितात हेही असेच शोधता येते, कारण बहुतेक झाडांच्या मुळांशी पाणी शोषताना प्रभाजन होत नाही. डॉसन आणि एलरिंगर यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात ओढ्याकाठच्या मोठ्या झाडांच्या खोडातील पाणी तपासले, तेव्हा ती झाडे शेजारून वाहणाऱ्या ओढ्याचे पाणी जवळजवळ वापरतच नव्हती. त्यांची मुळे खोलवरच्या पाण्यापर्यंत गेलेली होती. खारफुटीत मात्र मुळाशी प्रभाजन होऊ शकते, म्हणून कोकणच्या खाड्यांत हे गृहीतक डोळे मिटून लावू नये.

नायट्रेटचे प्रदूषण खतामुळे आहे की सांडपाण्यामुळे, हे ओळखता येते का?

अनेकदा येते. रासायनिक खताचा नायट्रोजन हवेतून बनवलेला असल्यामुळे त्याचे मूल्य शून्याच्या आसपास असते. शेणखत आणि मैलापाणी यांतून हलका अमोनिया उडून जातो, म्हणून त्यांच्यापासून बनलेल्या नायट्रेटचे मूल्य बहुधा ८ ते १० च्या पुढे जाते. ऑस्ट्रेलियातील मोरेटन उपसागरात संशोधकांनी लाल शैवाल ठिकठिकाणी पाण्यात टांगून ठेवले आणि नंतर त्यातील नायट्रोजन मोजून सांडपाणी कुठवर पसरते याचा नकाशाच काढला. सांडपाणी प्रक्रिया सुधारल्यानंतर तो पट्टा आक्रसल्याचेही त्याच पद्धतीने दिसले.

अडचण अशी की जिवाणू नायट्रेटचे विघटन करून नायट्रोजन वायू बनवतात तेव्हा हलके नायट्रेट आधी संपते आणि उरलेले जड होते. अरबी समुद्रात मध्यम खोलीवर ऑक्सिजनची तीव्र कमतरता असलेला विस्तीर्ण थर आहे. तिथल्या नायट्रेटचे मूल्य सुमारे १५ पर मिलपर्यंत चढलेले आढळते, तर खोल महासागरात ते ५ च्या आसपास असते. ही वाढ मैलापाण्यामुळे नव्हे, जिवाणूंच्या या विघटनामुळे, म्हणजे विनायट्रीकरणामुळे आहे. विहिरीतही हेच घडू शकते. म्हणून नायट्रेटमधील नायट्रोजनबरोबर त्यातील ऑक्सिजनही मोजावा, आणि क्लोराइडसारख्या साध्या रासायनिक तपासण्यांशी तो पडताळून पाहावा.

मधातील भेसळ याच पद्धतीने पकडतात का?

होय. मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती बहुतांशी सी-३ वनस्पतींची असतात, तर ऊस आणि मका सी-४ आहेत. मधातील साखर आणि मधातीलच प्रथिने यांच्या कार्बनची तुलना केली की उसाची साखर उघडी पडते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मधाच्या मानकांतही ही चाचणी आहे. तांदळापासून केलेला पाक मात्र सी-३ असल्यामुळे या चाचणीतून निसटतो.

हजारो वर्षांपूर्वीचा निसर्ग यातून कसा वाचतात?

निलगिरीच्या उंच दलदलींत वनस्पतींचे अवशेष थरांनी साचत आले आहेत. सुकुमार, रमेश आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या थरांतील कार्बनवरून सुमारे २०,००० वर्षांचा आलेख मांडला. हिमयुगाच्या कोरड्या काळात सी-४ गवतांचा आणि नंतरच्या ओल्या काळात सी-३ वनस्पतींचा वरचष्मा त्यात दिसतो.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळातूनही असाच इतिहास मिळाला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समस्थानिक आणि खनिजे यांच्या आधारे आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे दोन प्रदीर्घ अवर्षणकाळ ओळखले गेले. अशा सरोवरात कार्बनचा अर्थ लावताना घाई करू नये, कारण क्षारयुक्त पाण्यातील शैवाल विरघळलेला बायकार्बोनेट वापरते आणि त्याचे मूल्य सी-४ गवतासारखे भासू शकते.

संग्रहालयातील जुन्या नमुन्यांची आजच्या नमुन्यांशी तुलना करता येईल का?

दुरुस्ती करून येईल. कोळसा आणि खनिज तेल हे मुळात प्राचीन जीवसृष्टीचे अवशेष असल्यामुळे त्यांत कार्बन-१३ कमी असते. ते जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइडचे मूल्य औद्योगिक युगापूर्वीच्या सुमारे उणे ६.५ वरून आता उणे ८.५ च्या आसपास आले आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहासारख्या शतकभर जुन्या संग्रहातील पीस आजच्या पिसाशेजारी ठेवताना हा फरक वजा न केल्यास आहार बदलल्याचा खोटा निष्कर्ष निघतो.

नमुने कसे घ्यावेत आणि कसे जपावेत?

शक्य तितक्या लवकर गोठवावेत किंवा साधारण ६० अंश सेल्सिअसला वाळवावेत. फॉर्मलिन आणि अल्कोहोल मूल्ये बदलू शकतात. चरबीत कार्बन-१३ कमी असते, म्हणून चरबीयुक्त स्नायूंतून ती काढून टाकावी किंवा गणिती दुरुस्ती करावी. मातीतील आणि कवचांतील चुना आम्लाने काढताना नायट्रोजनवर परिणाम होतो, म्हणून नायट्रोजनसाठी आम्ल न लावलेला भाग वेगळा ठेवावा. पाण्याची बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करावी, कारण अर्ध्या रिकाम्या बाटलीत बाष्पीभवन सुरूच राहते. प्राण्यांच्या वाळवलेल्या ऊतींचा जेमतेम अर्धा ते एक मिलिग्रॅम भाग लागतो. तो कथिलाच्या बारीक वेष्टणात बांधून सुमारे १,००० अंशांना जाळतात आणि निघालेला वायू मास स्पेक्ट्रोमीटर या वस्तुमानानुसार कण वेगळे करणाऱ्या यंत्रात तपासतात. नमुना इतका लहान असल्यामुळेच दळणे एकजीव झालेले असणे अत्यावश्यक आहे. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी.

भारतात हे काम कुठे चालते?

अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आणि लखनऊची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था या ठिकाणी अशा अभ्यासाची परंपरा आहे. प्रत्येकीचा विषय आणि यंत्रे निराळी आहेत, म्हणून नमुने गोळा करण्याआधीच बोलून घ्यावे.

माझ्याकडे फक्त शिकारी प्राण्याचे केस आहेत, त्याच्या भक्ष्याचे नमुने नाहीत. आहाराची टक्केवारी काढता येईल का?

नाही, आणि येथे संगणकीय प्रारूपेही मदतीला येत नाहीत. मिश्रणाची प्रारूपे दिलेल्या स्रोतांतच उत्तर वाटून देतात. जो स्रोत आपण सांगितलाच नाही, त्याचा वाटा ती दुसऱ्याच्या खात्यावर टाकतात आणि तरीही नेटकी टक्केवारी दाखवतात. साध्या गणिताने दोन समस्थानिकांवरून फार तर तीन स्रोत वेगळे करता येतात. बेझियन, म्हणजे संभाव्यतेच्या गणितावर आधारलेली, प्रारूपे अधिक स्रोत स्वीकारतात, परंतु स्रोतांची मूल्ये एकमेकांवर पडत असतील तर त्यांच्या उत्तरातील अनिश्चितताही तितकीच रुंद असते.

केवळ केसांवरून दोन गोष्टी करता येतील. एकाच केसाचे मुळापासून टोकापर्यंत तुकडे करून त्या प्राण्याचा आहार ऋतूनुसार बदलला का, हे पाहता येईल. आणि एकाच परिसरातील अनेक प्राण्यांची मूल्ये किती विखुरलेली आहेत यावरून सगळे सारखेच खातात की प्रत्येकाची सवय वेगळी आहे, याचा अंदाज बांधता येईल. टक्केवारी हवी असेल तर त्याच परिसरात पुन्हा जावे आणि केस ज्या महिन्यांत वाढले त्याच महिन्यांतील भक्ष्यप्राण्यांचे केस, गुरांचे व शेळ्यांचे केस आणि ती जनावरे जे चरतात ते गवत व कडबा जमा करावा. गावाजवळच्या शेळीने झाडपाला खाल्ला होता की ज्वारीचा कडबा, हे ठाऊक नसताना तिला खाणाऱ्या बिबट्याचा कार्बन वाचता येत नाही.